मंडळीच्या तोंडी बसणारा नाताळ

डिसेंबर लागला की मराठवाड्यातल्या चर्चमधल्या पोरांचे बँड नाताळची नवी गाणी यूट्यूबवर आणतात. की-बोर्ड, गिटार, ऑक्टोपॅड. आधी ट्रॅक बांधायचा, मग त्यावर आवाज चढवायचा. ही गाणी मी आवर्जून ऐकतो, त्यांतली मेहनत जाणवते. पण पुष्कळदा चाल हिंदी सिनेमाची असते आणि मराठी शब्द तिच्यात कोंबलेले असतात. ऱ्हस्व ताणला जातो, दीर्घ घाईत उरकतो. परभणीच्या मुलखात तरी असं होऊ नये, असं फार वाटतं.

गंगाखेड जनाबाईंचं. नामदेवांचं नरसीही १९९९ साली हिंगोली वेगळी होईपर्यंत याच जिल्ह्यात होतं. इथे अभंग ख्रिस्ती घरातल्या लेकराच्याही कानावर पडतो. शेजारचा हरिपाठ भिंतीपाशी थांबत नाही.

या अभंगगाण्याचं बळ कवी नारायण वामन टिळकांनी ओळखलं होतं. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा उपासनेत परदेशी चालींवरची भाषांतरित गीतं बरीच चालत. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनातून ख्रिस्तकथा सांगायला घेतली होती. टिळकांनी अभंग आणि भजनं रचली, चर्चच्या मंडळीने ती आपली म्हटली आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती कायमची बसली. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हीसुद्धा मला त्या गाण्याला मिळालेली दादच वाटते.

त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि येशूजन्माची कथा त्यांतच. जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या, पण लोकांनी ते हाताने उतरवून जपलं. त्या हस्तलिखितांमुळेच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आलं. आजच्या व्ह्यूजच्या आकड्यांपेक्षा मला ही पावती मोठी वाटते.

गिटार टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. पण चाल बांधताना समोर मंडळी धरावी. गायकाला शोभते म्हणून पट्टी इतकी चढी ठेवतात की तिसऱ्या ओळीला बायाबापड्या गप्प होतात. मधले म्युझिकचे तुकडे इतके लांबतात की पुन्हा कुठे उचलायचं ते कळत नाही. ध्रुपद पहिल्याच फेरीत सगळ्यांना धरता यावं. आणि अल्बममधलं निदान एक गाणं स्टुडिओत न करता चर्चमध्येच, टाळ-ढोलकीवर, मंडळीच्या आवाजात रेकॉर्ड करावं. एखादा सूर हलला तरी तसाच ठेवावा.