मिस्टर काय करतात?

आमच्या घरी पाहुणे किती प्रश्न विचारणार हे कासवांवर अवलंबून असतं. शहरातल्या माणसाला हे चटकन पटायचं नाही, म्हणून नीट सांगते.

वेळास हे आमचं गाव, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ. नाना फडणवीसांचं गाव म्हणून पूर्वी कधीमधी कोणी यायचं, घटकाभर थांबून जायचं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावातल्या माणसांना हाताशी धरून समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येऊ लागली. गावात तेव्हा हॉटेल कुठलं? पाहुणे घराघरांतच उतरू लागले. आम्हीही पडवीत गाद्या घातल्या, मागल्या दारी दोन संडास बांधले आणि पाहुणे घ्यायला लागलो.

मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. गावातली पोरं ती अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. त्या जागेवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, त्या सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला उचलायच्या. खाली पिल्लं असली तर सोडायची, नसली तर नाही. पुण्याहून रात्रभर गाडी हाकत आलेल्या माणसाला हे ‘नसली तर नाही’ पचत नाही. ज्या दिवशी तीस-चाळीस पिल्लं निघतात, त्या दिवशी पाहुणे घरी येऊन मोबाईलमधले फोटोच बघत बसतात. आम्ही घरात आहोत की नाही याचंही त्यांना भान नसतं. पण टोपल्या रिकाम्या निघाल्या की मंडळी पायाची वाळू झटकत परत येतात, चहा मागतात, आणि मग त्यांचं लक्ष आमच्याकडे वळतं.

पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव कळून जात कळली नाही, तर ‘मूळचे कुठले?’ अण्णा म्हणतात, “आम्ही इथलेच, वेळासचे.” पाहुणा म्हणतो, “हो, पण त्याआधी?” अण्णा म्हणतात, “त्याआधी पण इथेच.” यात दहा मिनिटं सहज जातात.

पुरुषमाणसांचं पुढचं कुतूहल पैशाचं. गुंठ्याला काय भाव चाललाय, कलमं किती, आणि या धंद्यात सुटतात किती. एकदा एका गृहस्थांनी जेवता जेवता हिशेब मांडला. माणशी साडेसहाशे, माणसं बारा, म्हणजे दिवसाचे सात हजार आठशे, गुणिले तीस. “काका, महिन्याला सव्वादोन लाख! इन्कम टॅक्स भरता की नाही?” पाहुणे शनिवारी येतात आणि रविवारी दुपारी जातात, तेही फेब्रुवारी ते एप्रिलच, हे अण्णांनी सांगून पाहिलं. सिलिंडर, दूध, गाद्यांची धुलाई हेही सांगितलं. गृहस्थांचे डोळे त्या सव्वादोन लाखांवरच होते.

बायका स्वयंपाकघरात येतात. त्याचं मला काही वाटत नाही, चूल बघायची हौस असते बिचाऱ्यांना. पण झाकण उचलून आतली आमटी हुंगायची, फडताळ उघडून डबे बघायचे, हे जरा जास्त होतं. एक बाई देवघरात गेल्या आणि आमच्या देवांची मांडणी चुकली आहे, असं सांगून परत आल्या.

हे सगळं चालवून घेता येतं. माझ्या गळ्याकडे बघून जो प्रश्न यायचा, तो नाही यायचा चालवून घेता.

मी २०१३ साली सासर सोडून माहेरी आले ती कायमची. कारणं इथे लिहीत नाही. पाहुण्यांना सांगितली नाहीत, ती तुम्हाला तरी का सांगू? आले त्या रात्री आईनं जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, आणि त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. आईही नाही, अण्णाही नाहीत. मला वाटायचं, त्यांना लाज वाटते. गावात कोणी विचारत नव्हतं, कारण गावाला ठाऊक होतं. विचारायचे ते पाहुणे.

“ताई, तुमचे मिस्टर काय करतात?”

मी भाकरीचं पीठ मळायला घ्यायचे, नाहीतर पाणी आणायला विहिरीवर जायचे. मी उठून गेले की प्रश्न आईकडे जायचा. आई काय सांगते हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. दापोलीचं एक जोडपं होतं, त्यातल्या बाई निघताना मला म्हणाल्या, “बोटीवरच्या नोकरीत बायकोची फार ओढाताण होते हो.” मी आईकडे बघितलं. आई आमसुलं उन्हात पसरत होती, तिनं मान वर केली नाही.

अण्णांचं निराळंच. त्यांनी जावयाला दुबईत ठेवला होता. एका पाहुण्यानं सकाळी आईला विचारलं, संध्याकाळी अण्णांना विचारलं, आणि मेळ बसेना म्हणून पुन्हा विचारलं, “काका, काकू तर बोटीवर म्हणाल्या.” अण्णांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, “बोट दुबईला असते.”

मला हसूही आलं आणि रडूही आलं. ज्या माणसाचं घर मी सोडून आले, त्याला माझ्याच आईबापांनी चांगली नोकरी लावून दिली होती.

असं दोन-तीन सीझन चाललं. मग एका मार्चमध्ये सकाळी टोपल्या रिकाम्या, संध्याकाळीही रिकाम्या. नऊ जणांचा घोळका परत आला. किनाऱ्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की कासवाची मादी मोठी झाल्यावर अंडी घालायला जन्मल्या किनाऱ्याकडेच परत येते. त्यातल्या एक वयस्क बाई पडवीत बसून म्हणाल्या, “म्हणजे तीही माहेरीच येते की बाळंतपणाला!” सगळे हसले. मग लगेच, “काकू, तुमची लेकपण माहेरपणालाच आलीय वाटतं? मिस्टर नाही दिसले.”

मी आत विळीवर नारळ खवत होते. हात थांबला. आता बोट येणार, असं मनात म्हटलं.

आई म्हणाली, “नाही. तिचं तिथं नीट चाललं नव्हतं. आम्ही स्थळ बघितलं ते चुकलं. ती आली ते बरं झालं.”

बाहेर कोणी काही बोललं नाही. बाईंनी बऱ्याच वेळानं विचारलं, “मग आता?”

“आता काय? ती आहे म्हणून तर तुम्हाला जेवायला मिळतंय. मला एकटीला बारा माणसांचं होतंय का या वयात?”

स्थळ बघण्यात चूक झाली, हे आई मला कधी म्हणाली नव्हती. मी आले ते बरं झालं, हेही नाही. इतक्या वर्षांत आम्ही दोघी रोज एका चुलीपाशी बसलो, आणि हे मी ऐकलं ते भिंतीआडून, परक्या बाईला सांगताना. त्या बाईंचा मला राग यायला हवा होता, पण त्या रात्री मी त्यांच्या पानात दोन मोदक जास्त वाढले.

आई आत आली तेव्हा मी अजून अर्धी वाटी हातात धरून बसले होते. तिनं परातीत डोकावून बघितलं.

“एवढ्यानं व्हायचं नाही गो. दुसरा फोड.”

मी दुसरा फोडला. त्या विषयावर आम्ही त्यानंतरही बोललो नाही. पण पाहुण्यांनी विचारलं की आता मी विहिरीवर जात नाही. “नाही, मी इथेच असते,” एवढं सांगते, आणि बहुतेकांना ते पुरतं. ज्यांना पुरत नाही, त्यांना आई आहे.

अण्णांच्या कानावर मात्र यातलं काही गेलेलं दिसत नाही. त्यांनी जावयाला बोटीवरून खाली उतरवलेलं नाही. गेल्या सीझनला ठाण्याचे एक पाहुणे निघताना मला म्हणाले, “ताई, तुमचे मिस्टर कॅप्टन झाले म्हणे, अभिनंदन!”