गहाण पडलेलं पांघरूण

गरिबाचं पांघरूण तारण म्हणून घेतलं, तर दिवस मावळायच्या आत ते त्याला परत द्यायचं, असा एक कायदा बायबलमधल्या निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. व्यवहार म्हणून पाहिलं तर किती गैरसोयीचा! तिन्हीसांजेला परत करावं लागणारं तारण घेऊन सावकाराच्या हाती काय उरणार? पण कायदा सांगणाऱ्याची नजर सावकाराच्या वहीवर नाहीच. ती येणाऱ्या रात्रीवर आहे. हा माणूस दुसरं काय अंगावर घेऊन निजेल, एवढंच तो विचारतो. आपल्याकडच्या धनगराच्या घोंगडीसारखं ते एकच वस्त्र. दिवसा खांद्यावर, रात्री अंगाखाली नाहीतर अंगावर. यहूदाच्या डोंगराळ मुलखात हिवाळ्यातल्या रात्री कडाक्याच्या असतात.

संदेष्टा आमोस त्याच मुलखातला. तकोवा त्याचं गाव, बेथलेहेमच्या दक्षिणेला, मृत समुद्राकडे उतरणाऱ्या ओसाड रानाच्या काठावर. मेंढरं राखायची, उंबरांची निगा करायची, हा त्याचा धंदा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या मध्याला हा माणूस उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि तिथल्या वेदींपाशी त्याला तीच पांघरुणं दिसली. गहाण घेतलेली, रात्र झाली तरी परत न केलेली. त्यांच्यावर अंग टाकून धनको देवाच्या दारात लोळत होते.

आमोसच्या पुस्तकातली ही एवढीशी जागा माझ्या मनातून जात नाही. कर्जदार कुठेतरी कुडकुडतोय आणि त्याच्या पांघरुणाची बैठक करून पूजा चालली आहे. अधर्म म्हणजे देवळं ओस पडणं, असं आपण सहज समजतो. उत्तरेच्या राज्यातल्या बेथेलला देवळं भरलेली होती. सण, यज्ञ, गाणी, वाद्यं, कशाचीच कमतरता नव्हती. आमोसच्या तोंडून देव सांगतो की मला याचा वीट आला आहे. त्याला हवा होता तो न्याय, बारमाही ओढ्यासारखा न आटणारा.

काळ भरभराटीचा होता. दुसऱ्या यराबामाने राज्याच्या सीमा वाढवल्या होत्या. राजधानी शोमरोनच्या टेकडीवर १९३० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताचे शेकडो तुकडे निघाले. कमळं, पंख असलेले सिंहदेही प्राणी, लाकडी सामानावर जडवण्यासाठी कोरलेली नाजूक नक्षी. आमोस हस्तिदंती पलंगांवर संतापतो ती नुसती अलंकारिक भाषा नव्हती. त्याआधी १९१० मध्ये तिथेच शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या होत्या. कुठल्या ठिकाणाहून जुना द्राक्षारस आला, कुठून उत्तम तेल आलं, याच्या त्या नोंदी. ज्याने द्राक्षं तुडवली त्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे नोंदवायची गरज कुणाला वाटली नसावी.

आमोसचं लक्ष बाजाराकडेही आहे. व्यापारी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, कधी संपतो याची वाट बघत बसलेले. धान्य द्यायचं ते माप लहान, पैसे तोलायचं वजन मोठं, वर गव्हात भुसकट. हे सरळ मापात पाप. आणि एका जोड्याच्या किमतीएवढ्या देण्यापायी माणूसच विकला जातोय. हे वाचताना कोकणातले बेने इस्राएल ज्यू आठवतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. शब्बाथ गड्यामाणसांच्या आणि बैलांच्याही विसाव्यासाठी आहे, असं अनुवादाच्या पुस्तकात सांगितलंय. शोमरोनच्या व्यापाऱ्यांची दुकानंही त्या दिवशी बंदच असायची, पण त्यांचं मन तराजूतून उठत नव्हतं.

बेथेलचा याजक अमस्या याने आमोसला हाकललं. हे राजाचं पवित्रस्थान आहे, तू यहूदात जाऊन पोट भर, असं बजावलं. देवाचं म्हणायला हवं होतं ते स्थान तो राजाचं म्हणाला, आणि त्याला त्यात काही खटकलं नाही.

पुढे इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास शोमरोन अश्शूरच्या हाती पडलं. दुसरा सार्गोन आपल्या शिलालेखात २७,२९० माणसं नेल्याची बढाई मारतो. राज्य बुडेल हा आमोसचा इशारा खरा ठरला, असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. पलंगवाले त्या रांगेत असतील, तसे ज्यांची पांघरुणं गेली होती तेही असणार. राज्य बुडताना अन्याय करणारा आणि सोसणारा अशी निवड होत नाही, आणि ते मला आजही सहन होत नाही.

आमोसनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी, यहूदाच्या शेवटच्या काळात, समुद्रकाठच्या एका गढीत एका कापणी करणाऱ्या मजुराने अर्ज लिहवून घेतला. यावने-यामजवळ १९६० मध्ये तो अर्ज लिहिलेली फुटकी खापरी सापडली. शाईच्या चौदा-पंधरा ओळी, शेवट तुटलेला. मजूर अधिकाऱ्याला सांगतो की मी माझी कापणी पुरी केली, धान्य साठवलं, तरी शोबीचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझा काही दोष नाही, ते मला परत मिळावं. हक्क म्हणून देणार नसाल तर निदान दया करा, अशी विनवणीही तो करतो.

इथे संदेष्टा नाही, वेदी नाही. ज्याचं पांघरूण गेलं तोच बोलतो आहे, आणि तो एकटा नाही. उन्हात माझ्याबरोबर कापणी करणारे माझे सोबती साक्ष देतील, असं तो लिहवतो. ते सोबती त्याच शेतात, त्याच होशायाहूच्या नजरेखाली राबत होते. उद्या त्यांचीही वस्त्रं जाऊ शकत होती. तरी ते आपल्या बाजूने उभे राहतील, याबद्दल त्याच्या मनात शंका दिसत नाही.