घाटमाथ्यावरचे अभंग

मलकापूर सोडून मोताळ्याच्या रस्त्याने राजूरचा घाट चढू लागले की, काळ्या मातीतली कपाशीची राने खाली राहतात आणि अंगाला गार वारा लागतो. बुलढाणा जिल्ह्यात पाहुणा येतो तो बहुधा शेगावच्या गजानन महाराजांच्या दर्शनाला, नाहीतर लोणारचे सरोवर पाहायला. मी मात्र एका रविवारी घाटमाथ्यावरच्या एका लहानशा चर्चमध्ये गाणी ऐकायला गेलो होतो.

या भागात ख्रिस्ती उपासना आली ती अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने अकोल्यास ठाणे केले आणि तेथून वऱ्हाडभर काम पसरले. त्यांच्याबरोबर त्यांच्या चालीही आल्या. इंग्रजी पद्य आघातावर चालते, आपले अक्षरांवर आणि मात्रांवर. साहेबाच्या चालीवर मराठी शब्द बसवले की, ऱ्हस्व अक्षर उगाच ताणले जाते आणि दीर्घाचा श्वास कोंडतो. असे गाणे म्हणता येते, पण दळताकांडताना ते आपसूक ओठांवर कसे यावे?

ही अडचण ओळखली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण तुकोबांना सोडले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. १९१९ साली ते वारले, तोवर त्यांनी शेकडो गीते आणि अभंग रचले होते. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने जर्मन लोकांच्या तोंडी त्यांच्याच भाषेतली भक्तिगीते दिली. टिळकांनी भाषेबरोबर भजनाचा ठेकाही दिला. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते आहेत.

त्या रविवारी पेटी होती, तबला होता, झांजाही होत्या. शेजारच्या आजींच्या हाती पुस्तक नव्हते. मी माझे पुढे केले, तर त्या हसून म्हणाल्या, “कायले पाह्यजे, सर? मले वाचता येत नाही. पन गानं पाठ हाये.”

मग समजले की, प्रवचन पाळकांचे असते, प्रार्थनेतही बहुतेक शब्द त्यांचेच. गाणे मात्र आजींचे स्वतःचे असते. उपासनेनंतर त्या म्हणाल्या, “मालक गेले तवा प्रार्थना सुचेना. रात्रभर गानंच म्हनलं.”

मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. शेगावकडे निघालेली दिंडी याच मापावर पावले टाकते आणि या चर्चमधली झांजही त्याच मापावर वाजते. ‘यांचा धर्म परका’ असे म्हणणाऱ्याने एकदा ही झांज ऐकावी.

पण पाळकांच्या मनात निराळीच काळजी होती. मुले शिकायला पुण्या-मुंबईला जातात, तिथे गिटारवर हिंदी-इंग्रजी गीते म्हणतात. त्यांचीही भक्ती खरीच. नव्या गीतांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र पुस्तक कपाटात शंभर वर्षे टिकले, तरी चाल कपाटात टिकत नाही. ती आजीच्या मांडीवर बसूनच नातवाच्या गळ्यात उतरते. या दिवाळीच्या सुट्टीत ही मुले घाट चढून घरी येतील, तेव्हा कोणी तरी त्यांना आजीशेजारी बसवायला हवे.