एकवीस इंचांची सुई

आठवीच्या वर्गात हवेचा दाब शिकवताना मी फळ्यावर उर्दूत 'खला' लिहिले. म्हणालो, या पोकळीच्या जोरावर एके काळी अख्ख्या गाड्या थांबत. मुले हसली. "सर, जिथे काहीच नाही त्याने गाडी कशी थांबेल?" बी.एड.च्या पाठ-टाचणात याचे उत्तर नव्हते. ते घरी खाटेवर बसलेले होते.

अब्बा फायरमन म्हणून लागले, मग शंटर, मग ड्रायव्हर. ब्रॉडगेजवरची वाफ 1995 साली संपली, त्याआधीच ते डिझेलवर गेले. कोळशाच्या दिवसांचे खूप सांगत, एक गोष्ट सोडून. एकदा त्यांची गाडी सिग्नलच्या पुढे गेली होती. कुणाला खरचटलेही नाही, पण चौकशी झाली आणि बढती रखडली. अम्मी तो विषय काढूच देत नसे.

मी लॅपटॉपवर 2001 सालचा जुना ट्रेन सिम्युलेटर लावला. इंग्लंडची सेटल-कार्लाईल लाइन, इंजिन 'फ्लाइंग स्कॉट्समन'. वाफेचा झोत निमुळत्या तोंडातून सुटतो आणि गाडीभर गेलेल्या नळातली हवा ओढून नेतो. सुई 21 इंचांवर आली की पिस्टनच्या वर-खाली सारखीच पोकळी होते आणि ब्रेक सुटतात. ड्रायव्हर नळात हवा घेतो तेव्हा ती पिस्टनच्या खाली शिरते, वर पोकळीच राहते. मग पिस्टन वर ढकलला जातो आणि ठोकळे चाकांना आवळतात. म्हणजे थांबवते ती हवाच, पोकळी फक्त तिला वाट देते. मुलांना हेच सांगायला हवे होते.

उतारावर मी घाबरून सगळी हवा आत घेतली. गाडी स्टेशनच्या कितीतरी अलीकडे थांबली आणि ब्रेक काही सुटेनात.

"एकदम एवढी हवा कशाला घेतलीस? आता बस काढत," अब्बा खाटेवरून म्हणाले.

मी त्यांना आर्माची हकिगत वाचून दाखवली. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये रविवारच्या शाळेच्या सहलीची गाडी चढावर अडली. मागचे डबे सोडून पुढचे आधी न्यायचे ठरले. त्या गाडीचा ब्रेक उलट्या रीतीचा होता, नळात पोकळी केली तरच लागणारा. नळ सुटताच ब्रेक गेले. सोडलेले डबे घसरत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जीव गेले, त्यांत कितीतरी मुले. त्याच वर्षी तिकडे कायदा झाला की प्रवासी गाडीला आपोआप लागणारा ब्रेक हवाच. दरवर्षी मीही मुलांना सहलीला नेतो. वाचताना आवाज अडखळला.

"आमची गाडी मधून तुटली तरी थांबायची," अब्बा हळूच म्हणाले. मग चष्मा पुसून पुढे सरकले. "आण इकडे."

एस गिलचा माथा ओलांडून ॲपलबीकडे लांब उतार आहे. अब्बांनी थोडी हवा घेतली, सुई 15 वर आणली, जरा थांबले, पुन्हा वर जाऊ दिली. गाडी ऐकत होती. पण शेवटी प्लॅटफॉर्म संपला आणि इंजिन डबाभर पुढे जाऊन उभे राहिले.

मी दाराकडे पाहिले. अम्मी तिथेच उभी होती.

"चल मास्तर, लिही आता रिपोर्ट," अब्बा हसले. आणि मग, अम्मीकडे न बघता, "त्या रात्री रूळ ओले होते," असे म्हणून सांगू लागले.