क्लचचे मार्जिन

साखरपा मागे टाकून आम्ही आंबा घाट चढू लागलो होतो. रत्नागिरीचे लग्नकार्य आटोपून कोल्हापूरला परतत होतो. एका सरळ टप्प्यावर पुढच्या मालमोटारीने बाजू दिली. मी चौथ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा आवाज एकाएकी चढला. फेऱ्यांचा काटा अडीच हजारांवरून साडेतीन हजारांवर गेला. वेगाचा काटा मात्र जागचा हलला नाही. पाय सैल केला, तसा आवाज उतरला. मी निमूटपणे मालमोटारीच्या मागे राहिलो.

"काय झालं हो?" सौभाग्यवतींनी विचारले.

"काही नाही," असे म्हणालो खरा. पण छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे लक्षण ओळखता येते. खात्यात उलाढाल भरपूर दिसते, शिल्लक मात्र वाढत नाही, तेव्हा मधल्या मध्ये काहीतरी निसटत असते.

ही गाडी म्हणजे आमच्या घरातील एक जुना वादविषय. फियाटची अबार्थ पुंटो. ऑक्टोबर 2015 मध्ये ती भारतात आली आणि पुढच्याच वर्षी मी ती घेतली. 1.4 लिटरचे टर्बो इंजिन, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर, सारे हाताने बदलायचे. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली. नाकावर विंचवाचे चिन्ह आहे. कार्ल अबार्थ यांनी 1949 मध्ये इटलीत आपली कंपनी स्थापन केली, तेव्हा स्वतःच्या राशीवरून त्यांनी ते घेतले होते. दहा लाखांच्या आतबाहेरच्या रकमेत एवढी शक्ती देणारी दुसरी गाडी तेव्हा बाजारात नव्हती, असे मी घरी पटवून दिले होते. धाकटे बंधू आडत दुकान सांभाळतात. ते म्हणाले होते, "दादा, एवढ्या पैशात मालाने भरलेला टेम्पो उभा राहिला असता." त्यांचे गणित चुकीचे नव्हते. पण वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या सीटवर बसून मी लहानाचा मोठा झालो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर टाकताना वडिलांच्या मनगटाला जो झोल येई, तो आजही डोळ्यांसमोर आहे. काही खर्च वहीत बसत नाहीत.

2021 ते 2023 ही दोन वर्षे गाडी चिरंजीवांकडे पुण्यात होती. त्या काळात त्यांनी इंजिनाचा संगणक नव्याने लिहवून घेतला. याला त्या जगात 'रीमॅप' म्हणतात. मला नंतर कळवले, "अण्णा, जरा पिकअप सुधारलाय." सुधारला तो किती? ट्यूनरच्या कागदावर टॉर्क 260 न्यूटन-मीटर लिहिला होता. बदल विमा कंपनीला कळवला का, हे मी पहिल्यांदा विचारले आणि ते काम मलाच करावे लागले. क्लचचे काय, हे विचारायला मात्र मी विसरलो. बँकेत असतो तर माझ्या कनिष्ठाला या चुकीबद्दल खडसावले असते.

क्लचचे काम तसे साधे आहे. इंजिनाला जोडलेले जड चक्र, म्हणजे फ्लायव्हील. त्याला चिकटून घर्षणाचे अस्तर लावलेली प्लेट. आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांना आत ढकलते, दाब सुटतो आणि इंजिन-चाकांचा संबंध तुटतो. पेडल सोडले की पुन्हा घट्ट. ही पकड किती टॉर्क पेलू शकेल, हे चार गोष्टींवर ठरते: दाब किती, अस्तराचे घर्षण किती, प्लेटचा व्यास किती आणि घासणारे पृष्ठभाग किती. एका प्लेटला दोन पृष्ठभाग असतात. अभियंते पकडीची क्षमता इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या साधारण सव्वा ते दीडपट ठेवतात. वरचा भाग म्हणजे आमच्या भाषेत मार्जिन. तारणाच्या पूर्ण किमतीएवढे कर्ज कोणी देत नाही, त्याचे कारण हेच.

मी सव्वापट धरून हिशेब मांडला. 212 च्या सव्वापट म्हणजे 265. रीमॅपनंतरचे इंजिन 260 मागत होते. मार्जिन उरले पाच न्यूटन-मीटर, दोन टक्केही नाही. त्यात अस्तर तापले की त्याचे घर्षण घटते. 71,000 किलोमीटर झालेल्या प्लेटने घाटातल्या चढावर हात टेकले, यात नवल ते काय! आणि ते चौथ्याच गिअरमध्ये का, याचेही उत्तर मिळाले. खालच्या गिअरमध्ये गाडी झटकन वेग घेते आणि भार हलका होतो. वरच्या गिअरमध्ये मधल्या फेऱ्यांवर टर्बोचा पूर्ण टॉर्क क्लचवर बराच वेळ उभा राहतो. घसरणारा क्लच आधी तिथेच सापडतो.

उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. गिअरबॉक्स उतरवायचा त्या दिवशी मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो. प्लेट हातात आली. अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत झिजलेले. फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग आणि त्यांत केसासारख्या बारीक चिरा. जळकट वास होताच. डाग पाहिले आणि माझा निकाल तिथेच तयार झाला. फेरे वर चढवून ठेवायचे, मग क्लच सोडून गाडी उडवायची, असले खेळ तरुण मंडळी खेळतात, हे मला माहीत होते. त्या खेळाचा हिशेब मोठा कठोर असतो. इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून क्लच सोडत गेल्यास गाडीला जेवढी ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. रुपयाला रुपया. चिरंजीवांनी फोनवर सांगितले होते, "पुण्याचं ट्रॅफिक, अण्णा, दुसरं काय?" मी मनातल्या मनात तपासणी अहवाल लिहायला घेतला. मोबाईलवर डागांची छायाचित्रेही काढली. पुरावा म्हणून.

"साहेब, ह्यो डाग शर्यतीचाच असं न्हाई म्हणता येत," मिस्त्री म्हणाले. "क्लच घसरायला लागला की नुसत्या घसरण्यानंबी असलं डाग पडत्यात." मग त्यांनी प्रेशर प्लेट उजेडात धरली. "हे बघा. बोटांची टोकं खाल्ल्यात. बेअरिंग फिरवून बघा, कसं करकरतंय. हे शर्यतीचं काम न्हाई. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याचं हे काम. गावात गाडी कोण चालवतंय?"

गावात गाडी मी चालवतो. गेल्या दीड वर्षापासून फक्त मीच. आणि माझा डावा पाय सिग्नलवर, उतारावर, अगदी सरळ रस्त्यावरही पेडलवर टेकलेला असतो, हे मला त्या क्षणापर्यंत जाणवले नव्हते. पायाचे एवढेसे वजनही स्प्रिंगच्या दाबातून वजा होते. बेअरिंग सतत भाराखाली फिरते. कर्जदाराची वही तपासायला जावे आणि त्यात आपल्याच शाखेच्या चुकीच्या नोंदी सापडाव्यात, तसे झाले. छायाचित्रे पाठवली नाहीत.

शनिवारी चिरंजीव घरी आले. त्यांनी आधीच दुसऱ्या क्लचचा शोध लावला होता. सिरॅमिक अस्तराच्या सहा ठोकळ्यांची प्लेट, क्षमता 420 न्यूटन-मीटर. "एकदाच काय ते घालू, अण्णा. परत बघायला नको." शर्यतीच्या गाडीला ते योग्यच आहे. तसले अस्तर प्रचंड उष्णता सोसते. पण ते हळूहळू पकडत नाही. विजेच्या बटणासारखे लागते. शाहूपुरीच्या गर्दीत फूटभर गाडी पुढे सरकवायची तर हिसका बसतो, गाडी थरथरते आणि प्रत्येक हिसका गिअरबॉक्स व ॲक्सलपर्यंत जातो. या गाडीचे उत्पादन बंद झालेले आहे. गिअरबॉक्सचा एखादा भाग मिळवणे हे सध्या क्लच मिळवण्यापेक्षा कठीण काम. सव्वाशे टक्के तारण पुरेसे असताना दोनशे टक्के मागितले तर कर्जदाराचा धंदाच चालत नाही.

इथे एक गैरसमज सांगून ठेवतो, कारण मीही त्यात होतो. 'मजबूत क्लच म्हणजे जड पेडल' हे सरसकट खरे नाही. पेडल जड होते ते प्रेशर प्लेटचा दाब वाढवल्याने. हिसका बसतो तो अस्तरामुळे. म्हणजे पकड वाढवायची दोन खाती निराळी आहेत आणि दोन्हींची किंमत निराळ्या ठिकाणी वसूल होते: एकीची गुडघ्यातून, दुसरीची गिअरबॉक्समधून. माझा डावा गुडघा दोन वर्षे कुरकुरतो आहे. तरी मी जड पेडल पत्करायचे ठरवले. कंपनीच्या मूळ अस्तरासारखेच पूर्ण गोलाईचे ऑरगॅनिक अस्तर आणि थोडा कडक प्रेशर प्लेट; क्षमता 310.

"मग 260 ला मार्जिन किती?" चिरंजीवांनीच विचारले. त्यांनी हा प्रश्न विचारला, याचा मला आनंद झाला.

"सुमारे एकोणीस टक्के."

"कमी आहे ना?"

"आहे. म्हणून कर्जही थोडे कमी करू."

ते काही वेळ बोलले नाहीत. मी म्हटले, ट्यूनरकडून मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क 240 वर आणून घ्या. मूळ 212 पेक्षा तो तरीही जास्तच आहे. 310 ला 240 म्हणजे एकोणतीस टक्के मार्जिन. वरच्या फेऱ्यांवरची अश्वशक्ती राहू द्या, मी हरकत घेणार नाही. चिरंजीवांना हे जड गेले, हे चेहऱ्यावर दिसत होते. तरुण माणसाला वीस न्यूटन-मीटर म्हणजे काय, हे आपल्याला कळायचे नाही. अखेर ते म्हणाले, "ठीक आहे, अण्णा." मग थोड्या वेळाने, चहाचा कप ठेवताना, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोनदा केलं होतं. एका बंद धावपट्टीवर स्पर्धा होती, तिथं. फ्लायव्हीलचे पैसे मी देतो."

मी बोटांच्या टोकांची गोष्ट सांगितली. कुणाचा वाटा किती, हे त्या प्लेटवरून ठरवता येत नाही, हेही सांगितले. ते हसले. मीही.

किट पुण्याच्या आयातदाराकडून आले, 38,000 रुपयांना. मजुरी 9,000. फ्लायव्हील उद्यमनगरातच लेथवर हलके फेस करून घेतले. चिरा वरवरच्या होत्या म्हणून ते वाचले. खोल असत्या तर नवेच लागले असते. गिअरबॉक्स एकदा उतरलाच आहे म्हणून रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील तेव्हाच बदलले. शंभर-दोनशेच्या सीलसाठी 9,000 ची मजुरी पुन्हा कोण देणार? नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पापुद्रा असतो, तो मिस्त्रींनी पुसून काढला. अस्तराला तेल लागले तर सारा खर्च पाण्यात. प्लेट मधोमध धरण्यासाठी लाकडाचा कातलेला दांडा वापरला. बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळले.

नवे अस्तर बसायला पहिले 800 ते 1,000 किलोमीटर पूर्ण जोर लावायचा नसतो. गावातले थांबत-चालत चालवणेच त्याला मानवते. ते काम माझ्या प्रकृतीला साजेसे होते. बाजार, बँक, दवाखाना, बंधूंचे दुकान असे करत महिना-सव्वा महिना काढला आणि आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेलो. पेडल खरोखरच जड आहे. पहिले आठ दिवस गुडघ्याला तेल चोळावे लागले. सौभाग्यवतींचे मत त्या आठवड्यात गाडीबद्दल फारसे बरे नव्हते. बंधूंनी खर्चाचा आकडा विचारला, मी सांगितला, त्यांनी पुन्हा टेम्पोचा विषय काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

1,040 किलोमीटर झाले, त्या रविवारी चिरंजीव आले. आम्ही दोघेच निघालो. आंबा उतरून साखरप्यापर्यंत गेलो, चहा घेतला आणि परत फिरलो. स्टिअरिंगवर मी, शेजारी ते. तोच सरळ टप्पा आला, पुढे रस्ता मोकळा होता. चौथ्या गिअरमध्ये अडीच हजार फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबला. दोन्ही काटे बरोबरीने वर चढले. पाठ सीटला टेकली. चिरंजीवांनी खिडकीबाहेर पाहत मान डोलावली. 240 मध्येही काही कमी पडले नाही असे ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारले नाही.

पुढच्या वळणाआधी मी ॲक्सिलरेटर सोडला.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "डावा पाय."

मी पाय पेडलवरून उचलला आणि खाली ठेवला.