वणी ते अनुराधपूर : पहिली परदेशवारी

नाशिकहून दिंडोरीमार्गे चाळीसएक किलोमीटरवर वसलेले वणी हे व्यापारी पेठेचे गाव. उत्तरेला सप्तशृंगीचा गड, भोवती द्राक्षबागा आणि कांदा-टोमॅटोची शेते. या गावाचे वर्ष दुकानाच्या गल्ल्यावरून ओळखावे. माघ-फाल्गुनात द्राक्षांची तोडणी, चैत्रात उन्हाळ कांदा आणि गडावरची यात्रा, वैशाखात लग्नसराई, पावसाच्या तोंडावर खते-बियाणांची गर्दी, पुढे नवरात्र आणि दिवाळी. जैन व्यापारी कुटुंबात याच वर्षात आयंबिलाच्या दोन ओळी, चातुर्मासातील प्रवचने आणि पर्युषण यांचीही भर असते. अशा भरलेल्या वर्षात परदेशप्रवासासाठी कोरे पान सापडत नाही. मुलांचे शिक्षण होऊ दे, मुलीचे लग्न होऊ दे, दुकानाचा माळा पुरा होऊ दे, असे म्हणता म्हणता पन्नाशी ओलांडते. आणि मग पैशांची सोय होते तेव्हा गुडघे कुरकुर करू लागतात.

या विलंबाचे कारण केवळ पैसा नाही. प्रवासाचा खर्च वहीत कोणत्या खाती मांडावा, हे व्यापारी मनाला उमगत नाही. तीर्थयात्रा पुण्याच्या खाती जाते, खरेदीसाठी केलेली मुंबई-सुरतची फेरी धंद्याच्या खाती जाते. केवळ पाहण्यासाठी, दोघांनीच, समुद्रापलीकडे जाणे मात्र चैनीच्या खाती पडते आणि चैनीचे खाते उघडण्यास हात धजत नाही. त्यातही घरातील श्राविकेची अडचण अधिक. दुकानाला निदान एखादा साप्ताहिक सुट्टीचा वार असतो. स्वयंपाकघराला तोही नसतो. तिच्या विश्रांतीची किंमत कधी आकड्यांत मांडलीच जात नाही, म्हणून ती खर्चाच्या तुलनेत नेहमी शून्य ठरते.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर श्रावकाच्या बारा व्रतांतच आहे. तीन गुणव्रतांपैकी पहिले दिग्व्रत. श्रावकाने दाही दिशांत आपण किती दूर जाणार याची मर्यादा आधी ठरवावी, असे ते सांगते. ठरवलेले क्षेत्र मनास येईल तसे वाढवत नेणे आणि मर्यादेचे विस्मरण होणे हे त्या व्रताचे अतिचार मानले आहेत. दुसरे भोगोपभोग परिमाण, म्हणजे खाण्यापिण्याच्या आणि वापरण्याच्या वस्तूंची मर्यादा. तिसरे अनर्थदंड विरमण, म्हणजे निष्प्रयोजन कृतीचा त्याग. किती दूर जायचे, तेथे काय घ्यायचे आणि कशावाचून चालवायचे, हे तीन प्रश्न निघण्यापूर्वी सोडवले की प्रवासाचे अंदाजपत्रक तयार होते. मर्यादा आखून केलेला प्रवास उधळपट्टी ठरत नाही. ज्यांनी दिग्व्रताचे पच्चक्खाण घेतले आहे, त्यांनी गुरुमहाराजांशी आधी बोलून घ्यावे, हे अर्थातच आले.

समुद्र ओलांडण्याबद्दलचा जुना संकोचही येथे आठवतो. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना निमंत्रण होते. साध्वाचारामुळे त्यांना जहाजाने जाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी महुव्याच्या वीरचंद राघवजी गांधी या तरुण श्रावकास तयार करून पाठवले. वीरचंदभाईंनी परदेशात आपला आहारनियम आणि काठियावाडी पगडी दोन्ही सांभाळली. तरीही परतल्यावर समाजातील काहींनी त्यांच्या समुद्रगमनास आक्षेप घेतला. पुढे 1896 मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले, तेव्हा पत्नी जीवीबाई त्यांच्यासोबत होत्या. महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या प्रवासापुढे आजची अडचण अगदी लहान आहे.

पहिल्या परदेशवारीसाठी वणीच्या दांपत्यास श्रीलंका सोयीची पडते. मुंबईहून कोलंबो विमानाने सुमारे अडीच तासांवर आहे. दोन्ही देशांचे घड्याळ एकच असल्याने दुकान उघडण्याच्या वेळी मुलाला फोन करता येतो आणि सामायिकाची वेळही चुकत नाही. अनुराधपूर-सिगिरियाच्या परिसरात कार्तिकापासून पौषापर्यंत पावसाची शक्यता असते. माघात तो बहुधा ओसरतो. द्राक्षांच्या हंगामात सहा दिवस गल्ल्यावरून उठणे कठीण, हे खरे. पण रिकामा महिना येणारच नाही, हे एकदा मान्य केले की मुलावर किंवा धाकट्या भावावर दुकान सोपवण्याचा निर्णय सोपा होतो.

अंदाजपत्रकाचा आरंभ पासपोर्टपासून करावा. 36 पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये असून तो प्रौढांस 10 वर्षे चालतो. म्हणजे दोघांचे 3000 रुपये दहा वर्षांवर विभागले जातात. नाशिकच्या सेवा केंद्रातील भेट आणि नंतरची पोलीस पडताळणी यांसाठी महिनाभराची मुदत हाताशी ठेवावी. श्रीलंकेसाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. तिचे नियम आणि शुल्क बदलत असल्याने ते अधिकृत संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी पाहणे इष्ट.

पुढे मर्यादा. उदाहरणादाखल दोघांसाठी दोन लाख रुपये ठरवले, तर त्यांपैकी दहावा भाग, म्हणजे 20 हजार, आजारपण वा अडचणीसाठी प्रथमच बाजूला काढावा आणि तो नाही असेच समजावे. उरलेल्या 1 लाख 80 हजारांत विमान, निवास, चालकासह गाडी, प्रवेश-तिकिटे, विमा आणि भोजन बसवावे. खरेदीचा आकडा घरीच ठरवावा. तो परदेशातील दुकानात ठरवू नये, हे गिऱ्हाइकाच्या मनाची ओळख असलेल्या व्यापाऱ्यास वेगळे सांगणे नको. सहल-कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस आकारला जातो. ही रक्कम बुडीत खर्च नव्हे. ती आपल्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. म्हणून पावती जपावी आणि आकडा वहीत ‘येणे’ म्हणून लिहावा. अलीकडे एका भारतीय रुपयास तीनहून अधिक श्रीलंकन रुपये मिळतात. त्यामुळे फलकावरील किमती पाहून आरंभी छाती दडपते आणि हिशेब केल्यावर हायसे वाटते. फेब्रुवारी 2024 पासून तेथे यूपीआयची सोय सुरू झाली असली तरी ती प्रत्येक दुकानात असेल असे नाही; थोडी रोकड जवळ हवीच.

सर्वांत अधिक दक्षता भोजनाची. श्रीलंकेत ‘उंबलकड’ नावाचा वाळवलेला मासा कुटून नारळाच्या चटणीत, क्वचित भाजीतही मसाल्यासारखा घालतात. ‘शाकाहारी’ एवढाच शब्द पुरेसा पडत नाही. मासा, अंडे, कांदा, लसूण, बटाटा नको, असे प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन सांगावे लागते. हॉटेल ठरवतानाच हे लिहून कळवले तर साधा भात, डाळ, नारळाच्या दुधातील फणसाची वा भोपळ्याची भाजी आणि तांदळाच्या शेवयांचे इडिअप्पम सहज मिळते. खाकरा, ठेपले, मेतकूट, कोरडी चटणी, पाणी उकळण्याची छोटी किटली आणि गाळणे घरून न्यावे. ताजी फळे आणि बियाणे मात्र नेऊ नयेत. चौविहार पाळणाऱ्यांना आणखी एक गोष्ट उपयोगी. लंकेत वर्षभर सूर्यास्त साधारण सहा-साडेसहाच्या सुमारास होतो. दिवसाचा कार्यक्रम पाचला संपवला तर नियम अडत नाही आणि सहलीची धावपळही आपोआप कमी होते.

कोलंबोचा विमानतळ शहराच्या उत्तरेस कटुनायके येथे आहे. तेथून शहरात न शिरता थेट दांबुल्लाकडे निघाल्यास एक दिवस वाचतो. दांबुल्लाच्या पाच गुंफांतील मूर्ती आणि छतावरील चित्रे पाहून वेरूळ-अजिंठ्याची आठवण होते. गुडघे आणि खांदे झाकणारी वस्त्रे, अनवाणी पाय आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र न काढणे, एवढा तेथील आचार पाळावा. तेथून जवळच सिगिरियाची सुमारे 200 मीटर उंचीची शिळा उभी आहे. माथ्यापर्यंत जवळपास 1200 पायऱ्या आहेत. गड चढलेल्या पायांना त्यांचे भय नसावे. पण पन्नाशीनंतर सकाळी लवकर, थांबत थांबत चढावे. एकाने चढावे आणि दुसऱ्याने खालच्या उद्यानात बसावे, असा प्रसंग आला तर विलंबाची खरी किंमत तेथे कळते.

या शिळेवर राजवाडा बांधणाऱ्या काश्यप राजाची कथा व्यापारी घराने ऐकण्याजोगी आहे. पाचव्या शतकात त्याने पिता धातुसेन यास पदच्युत करून राज्य घेतले आणि दडवलेला खजिना मागितला. धातुसेनाने त्याला स्वतः बांधलेल्या कलावेव तलावाकाठी नेले, ओंजळीत पाणी घेतले आणि आपली सारी संपत्ती हीच, असे सांगितले. पित्याचा वध करवून काश्यप भावाच्या भयाने या शिळेवर जाऊन राहिला. सन 477 ते 495 असे त्याचे राज्य अठरा वर्षे टिकले. शिळेवरचा राजवाडा आज जोत्यांपुरता उरला आहे. कलावेवचे पाणी मात्र अजून शेतांना मिळते. अपरिग्रहावरचे प्रवचन याहून अधिक काय सांगणार?

याच परिसरात रितिगल नावाचा वनाच्छादित डोंगर आहे. हनुमंताने आणलेल्या औषधी पर्वताचा एक तुकडा येथे पडला, असे तेथील लोक सांगतात. सप्तशृंगीचा गड हाही द्रोणागिरीचाच भाग, ही वणी परिसरातील कथा आठवून दोन्ही मुलखांतील अंतर एकदम कमी होते. जैन परंपरेत तर लंकेचे रूप आणखी निराळे आहे. विमलसूरींच्या महाराष्ट्री प्राकृतातील ‘पउमचरिय’ या रामकथेत रावण राक्षस नसून जिनभक्त विद्याधर राजा आहे.

प्रवासाचा गाभा मात्र अनुराधपुरात आहे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष तेथे आजही पूजिला जातो. शुभ्र वस्त्रांतील यात्रेकरू, कमळांची परडी, रुवनवेलिसाय स्तूपाचा पांढरा घुमट हे सारे डोळे निववते. तथापि जैन प्रवाशाने अभयगिरीकडे अवश्य जावे. ‘महावंस’ या पाली इतिवृत्तात असे म्हटले आहे की पांडुकाभय राजाने नगर वसवले तेव्हा ज्योतीय नावाच्या निगंठासाठी घर बांधले. गिरी नावाचा निगंठही तेथेच राही. निगंठ म्हणजे निर्ग्रंथ, भगवान महावीरांचे अनुयायी. परंपरेच्या गणनेने हा काळ इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाचा. पुढे वट्टगामणी राजा पराभूत होऊन पळत असता निगंठांच्या आश्रमातील गिरी नावाच्या एका निगंठाने त्याला हिणवले. राज्य परत मिळाल्यावर, इसवी सनापूर्वी 89 च्या सुमारास, राजाने तो आश्रम पाडून त्या जागी अभयगिरी विहार उभारला.

आज तेथे निर्ग्रंथांची खूण म्हणून दाखवण्याजोगा एकही दगड नाही. मार्गदर्शकही बहुधा त्यांचे नाव घेत नाही. ज्यांनी तो आश्रम मोडला त्यांच्याच परंपरेच्या ग्रंथात त्याची नोंद राहिली आणि तेवढ्यामुळे तो आपल्याला ठाऊक आहे. या जागी राग धरण्याचे कारण नाही. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्याने दोन मिनिटे मौन उभे राहून नवकार स्मरावा. पाचव्या शतकाच्या आरंभी याच विहारात आलेल्या चिनी यात्रेकरू फाहियानने एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला आपल्या देशाचा पांढरा रेशमी पंखा पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. दूर देशी आपले काही दिसले म्हणून तो गहिवरला. वणीच्या दांपत्यास येथे आपले काहीच दिसत नाही, आणि तरीही तोच गहिवर येतो.

अनुराधपूरनंतर कँडीचे दंतमंदिर पाहून कटुनायकेकडे परतता येते. पाच रात्री या क्रमास पुरतात. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर लिहून हिशेब बंद करावा. कोणते हॉटेल नियमानुसार जेवण देते, कोठे रोकड लागली, कोणता खर्च निष्प्रयोजन झाला, हे त्याच पानावर उतरवावे. त्या नोंदी जाऊबाईंच्या, व्याह्यांच्या, शेजारच्या दुकानदाराच्या उपयोगी पडतील. निर्ग्रंथांच्या आश्रमाबद्दल आपल्या कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या घरच्या पहिल्या परदेशवारीबद्दल तरी लिहून ठेवावे. आणि त्या पानावर एक रकाना श्राविकेच्या हाताने भरलेला असावा : सहा दिवसांत तिने काय पाहिले.