जोत्यांचं पुणं

येमेनच्या डोंगरात थुला नावाचं तटबंदीचं अरब गाव आहे. दगडी तट, दगडी उंच घरं, पायऱ्या उतरून जावं असं दगडी टाकं आणि पाठीशी कड्यावरचा किल्ला. त्याचे फोटो पाहताना मला हटकून कसबा पेठ आठवते. आपल्याकडेही परंपरा सांगते की पुण्याचा पहिला कोट बऱ्या अरब नावाच्या अंमलदारानं बांधला. त्याला किल्ले हिसार म्हणत. कोकण दरवाजा, नगर दरवाजा, माळी वेस, कुंभार वेस अशी त्याची तोंडं होती. पुढे १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं गाव उद्ध्वस्त करून गाढवाचा नांगर फिरवला. गाव पुन्हा वसलं. कोट मात्र उरला तो पत्ता सांगण्यापुरता. रिक्षावाल्याला ‘कुंभार वेस’ म्हणा, तो मुकाट्यानं नेऊन सोडतो. वेस कुठाय, हे त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून दगड बघायचा तर मी शनिवारवाड्याच्या तटाशी जातो. आत नाही, बाहेरून, भिंतीला धरून. पायथ्याला काळा घडीव दगड. ज्वालामुखीच्या लाव्हाचा हा खडक साडेसहा कोटी वर्षांचा, दुपारी हात ठेववत नाही इतका तापणारा. थोडं वर गेलं की दगड एकाएकी संपतो आणि विटा सुरू होतात. आख्यायिका अशी की साताऱ्याहून हरकत आली: दगडी किल्ला बांधावा तो छत्रपतींनी, पेशव्यांनी नव्हे. मग उरलेलं काम विटांत झालं. खरं-खोटं इतिहासकार बघोत. मला मात्र ती दगड-विटांची सीमारेषा फार बोलकी वाटते. नोकरानं कुठवर उंच व्हावं, हे भिंतीवरच आखून ठेवल्यासारखं.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये सांगतात. तट पुरा केला नानासाहेबांनी. दिल्ली दरवाजा खास पाहावा. हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे, आणि त्याच अजस्र फळीत माणसानं वाकून शिरावं अशी दिंडी. हत्तीचा आणि माणसाचा असा वेगवेगळा विचार करणारा सुतार मला भेटायला आवडला असता. माहिती देणारे लोक त्याच्याबद्दल बोलत नाहीत. ते १७७३ साली याच वाड्यात मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांच्या किंकाळीवर येतात आणि गर्दी तिथंच खिळते.

आतले महाल सागवानाचे होते, मजल्यांवर मजले चढवलेले. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली म्हणतात. लाकूड गेलं, नक्षी गेली, छतं गेली. राहिली जोती. आज त्यांवरून चालताना इथं दिवाणखाना, इथं हौद, असं अंदाजानं ओळखायचं. कमळाच्या पाकळ्यांचा हजारी कारंजा तेवढा चटकन कळतो.

पेठांतल्या जुन्या वाड्यांचंही तेच. वर नवी इमारत, काचेची खिडकी, मोबाइलचं दुकान. आणि दुकानाच्या पायरीखाली, रंगाचे चार हात देऊनही लपत नाही असा, टाकीचे घाव अंगावर असलेला एक काळा चिरा. शेजारचा दुकानदार त्यावर स्टूल टाकून बसतो. पाडकाम निघालं की दगड विकत घेणारे येतात, भाव करतात, टेम्पो भरतात. नव्या फार्महाऊसच्या कुंपणाला तो चांगला दिसतो म्हणे.